नोकरी सांभाळून नर्सिंग : परवडणारा अभ्यासक्रम कसा निवडावा

या पाठाचा हेतू

पदवीचे शिक्षण घेत असताना किंवा ते नुकतेच संपल्यावर नोकरी करणाऱ्या अनेकांना नर्सिंगकडे वळावेसे वाटते. कोणी रुग्णालयात अटेंडंट असते, कोणी औषधांच्या दुकानात, कोणी कारखान्यात कंत्राटी कामावर. हातातली नोकरी सोडवत नाही आणि शिकायचेही असते. "नोकरी करता करता, कमी खर्चात नर्सिंगचा कोणता कोर्स करता येईल?" हा त्यांचा प्रश्न असतो. हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत :

- भारतातील नर्सिंग अभ्यासक्रमांच्या पायऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे.
- आपल्या आठवड्यातील तासांचा हिशोब मांडून कोर्स आणि नोकरी एकत्र बसतात का ते ठरवणे.
- फी आणि बुडणारा पगार धरून कोर्सचा खरा खर्च काढणे.
- संस्था मान्यताप्राप्त आहे की नाही हे पैसे भरण्यापूर्वी तपासणे.

१. 'प्रॅक्टिकल नर्सिंग' हे नाव कुठले?

इंटरनेटवर शोधले की 'प्रॅक्टिकल नर्सिंग' हे शब्द वारंवार दिसतात. हे नाव अमेरिकेतले आहे. तिथे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स, म्हणजे एलपीएन, ही नोंदणीकृत नर्सच्या खालची, कायद्याने मान्य असलेली पायरी आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये याच पायरीला व्होकेशनल नर्स म्हणतात. कोर्स साधारण एक वर्षाचा असतो. त्यानंतर एनक्लेक्स-पीएन ही परवाना परीक्षा द्यावी लागते. काही कम्युनिटी कॉलेजांत हा कोर्स संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी चालतो, त्यामुळे तिथला नोकरदार माणूस तो करू शकतो.

भारतात या नावाची नोंदणीकृत पायरी नाही. इथल्या एखाद्या जाहिरातीत 'एक वर्षाचा प्रॅक्टिकल नर्सिंग डिप्लोमा, संध्याकाळची बॅच' असे लिहिलेले दिसले, तर पहिला प्रश्न विचारा : हा कोर्स केल्यावर राज्याच्या नर्सिंग परिषदेत माझी नोंदणी होईल का? उत्तर 'नाही' असेल तर तो कोर्स तुम्हाला नर्स करणार नाही. त्याचा दुसरा काही उपयोग असू शकतो, पण तो आधी नीट समजून घ्या.

२. भारतातील पायऱ्या

भारतात नर्सिंग शिक्षणाचे मानक भारतीय नर्सिंग परिषद ठरवत आली आहे. ही परिषद १९४७ च्या कायद्याने स्थापन झाली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा केला. तेव्हा प्रवेशाच्या वर्षी लागू असलेले नियम त्या वर्षीच पाहावेत. पायऱ्या अशा आहेत :

*जनरल ड्यूटी असिस्टंट (जीडीए).* हा काही महिन्यांचा कौशल्य अभ्यासक्रम आहे. रुग्णाला आंघोळ घालणे, कूस बदलणे, तापमान व नाडी नोंदवणे, खाऊ-पिऊ घालणे अशी कामे यात शिकवतात. सरकारी कौशल्य योजनांतून तो काही ठिकाणी मोफत मिळतो. जीडीए म्हणजे नर्सचा मदतनीस. त्याला इंजेक्शन देण्याचा अधिकार नसतो आणि परिषदेत नोंदणीही होत नाही.

*एएनएम.* दोन वर्षे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. परिषदेच्या नियमांनुसार वय १७ ते ३५. हा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. उपकेंद्र, लसीकरण, बाळंतपण ही याची मुख्य कामाची क्षेत्रे.

*जीएनएम.* तीन वर्षे. बारावीत इंग्रजी हा विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखेला प्राधान्य असते, पण कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही दार बंद नाही. वयोमर्यादा १७ ते ३५. नोंदणीकृत एएनएमसाठी वरची वयोमर्यादा नाही. हा कोर्स पूर्ण झाला की तुम्ही नोंदणीकृत नर्स होता.

*बी.एस्सी. नर्सिंग.* चार वर्षे, आठ सत्रे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. एकूण ४५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के.

*पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग.* जीएनएम झालेल्या नोंदणीकृत नर्ससाठी, दोन वर्षे. नोकरीत असलेल्या नर्ससाठी इग्नूने हाच कोर्स तीन वर्षांच्या दूरशिक्षण स्वरूपात चालवला आहे. त्यासाठी नोंदणीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो.

या यादीतील एक गोष्ट लक्षात ठेवा. नोकरी चालू ठेवून करता येणारी नर्सिंगची वाट आधीच नर्स असलेल्यांसाठी आहे. नव्याने नर्स होण्यासाठीचा एकही मान्यताप्राप्त कोर्स दूरशिक्षणाने, ऑनलाइन किंवा फक्त रविवारी होत नाही. यामागचे कारण पुढच्या भागात पाहू.

३. तासांचा हिशोब

बी.एस्सी. नर्सिंगच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रात अध्यापनाचे २० आठवडे आणि दर आठवड्याला ४० तास धरलेले आहेत, म्हणजे सत्राला ८०० तास. श्रेयांकांची मोजणीही वेगळी आहे. तासिकेच्या एका श्रेयांकाला सत्रात २० तास, कौशल्य प्रयोगशाळेच्या एका श्रेयांकाला ४० तास आणि रुग्णालयातील कामाच्या एका श्रेयांकाला ८० तास. जितका वेळ एक श्रेयांक वर्गात मागतो, त्याच्या चौपट वॉर्डात मागतो.

हजेरीचा नियमही कडक आहे. तासिका आणि प्रात्यक्षिक दोन्हींत ८० टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसता येत नाही. प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागातील काम १०० टक्के पूर्ण करावे लागते. अभियांत्रिकी किंवा बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला ७५ टक्के हजेरी आणि तीही कमी पडली तर अर्ज, दंड, विनंती याची सवय असते. इथे बुडलेली वॉर्डातील ड्यूटी भरूनच द्यावी लागते. हा नियम विद्यार्थ्याला अडवण्यासाठी केलेला नाही. शीर शोधणे, प्रसूती कळांची नोंद ठेवणे, रुग्णाचा श्वास बदलला आहे हे ओळखणे या गोष्टी पुस्तकातून येत नाहीत.

आता आठवड्याचे १६८ तास मांडू. कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये प्रौढ कामगाराचा आठवडा जास्तीत जास्त ४८ तासांचा ठरवलेला होता. पूर्ण वेळ नोकरीसाठी तोच आकडा घेऊ.

- नोकरी : ४८ तास
- कोर्स : ४० तास
- जाणे-येणे : १० तास
- झोप, रोज ७ तास : ४९ तास
- जेवण, आंघोळ, घरकाम, रोज ३ तास : २१ तास
- एकूण : १६८ तास

बेरीज नेमकी १६८ आली. अभ्यासाला शून्य तास उरले. आजारपण, सण, घरातले लग्न, परीक्षेआधीची उजळणी यांपैकी काहीच यात धरलेले नाही. दुसरी अडचण घड्याळाची आहे. कोर्सचे तास बहुतेक दिवसाचे आणि ठरलेले असतात. भिलाईसारख्या शहरात कारखान्याची नोकरी तीन पाळ्यांत फिरते. या आठवड्यात सकाळची पाळी, पुढच्या आठवड्यात दुपारची, त्यानंतर रात्रीची. अशा नोकरीत पहिल्याच महिन्यात हजेरी तुटते. कायम रात्रपाळी घेऊन दिवसा वॉर्डात उभे राहणे काहींना शक्य वाटते. पण झोप न झालेल्या हातात सुई आणि औषधाची मात्रा देणे रुग्णासाठी आणि स्वतःसाठीही धोक्याचे आहे.

म्हणून प्रश्न असा मांडा : 'नोकरी नेमकी केव्हा सोडायची, आणि तोपर्यंत नोकरीचा काय उपयोग करून घ्यायचा?'

४. खर्चाचा हिशोब

संस्थेच्या पत्रकात फी दिसते. बुडणारा पगार दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तोच मोठा आकडा असतो. पुढील उदाहरणातील सर्व आकडे केवळ गणितासाठी मानलेले आहेत. तुम्ही तुमचे आकडे घाला.

समजा, तुमचा सध्याचा पगार महिना १२,००० रुपये आहे. जीएनएम झाल्यावर सुरुवातीला १८,००० मिळतील असे धरू. खासगी संस्थेची फी वर्षाला ८०,००० आणि सरकारी संस्थेची १०,००० मानू. तुम्ही घरूनच जा-ये करणार आहात.

- तीन वर्षांचा बुडणारा पगार : ३६ × १२,००० = ४,३२,०००
- खासगी फी : २,४०,०००. एकूण खर्च : ६,७२,०००
- सरकारी फी : ३०,०००. एकूण खर्च : ४,६२,०००

कोर्सनंतर दरमहा ६,००० जास्त मिळतील. त्या हिशोबाने खासगी कोर्सचा खर्च भरून यायला ११२ महिने, म्हणजे नऊ वर्षांहून थोडे अधिक लागतात. सरकारी कोर्सचा खर्च ७७ महिन्यांत, साडेसहा वर्षांच्या आत भरून येतो. पगार पुढे वाढत जातो, म्हणून प्रत्यक्षात हा काळ कमी होईल. तरी दोन पर्यायांमधील अंतर यातून स्पष्ट दिसते.

आता महत्त्वाचा प्रश्न. यंदा सरकारी जागा मिळाली नाही, तर लगेच खासगी प्रवेश घ्यावा की एक वर्ष नोकरी करत पुन्हा प्रयत्न करावा?

एक वर्ष थांबल्याचे नुकसान म्हणजे नर्सचा एका वर्षाचा पगार एक वर्ष पुढे जातो. पण त्या वर्षी सध्याचा पगार हातात असतो. म्हणून नुकसान (१८,००० − १२,०००) × १२ = ७२,००० रुपये. पुढच्या वर्षी सरकारी जागा मिळाली तर फीत २,१०,००० वाचतात. निव्वळ फायदा १,३८,०००. जागा मिळालीच नाही तर ७२,००० चा तोटा. ७२,००० भागिले २,१०,००० म्हणजे सुमारे ०.३४. सरकारी जागा मिळण्याची शक्यता तीनात एकाहून जास्त वाटत असेल, तर एक वर्ष थांबणे परवडते. त्याहून कमी वाटत असेल, किंवा वयोमर्यादा जवळ आली असेल, तर थांबू नका.

दूरच्या गावी प्रवेश मिळत असेल तर वसतिगृह आणि मेस यांचा खर्च त्या पर्यायात मिळवा. वसतिगृहाला वर्षाला ४०,००० लागत असतील, तर तीन वर्षांचे १,२०,००० होतात. स्वस्त फीचा मोठा भाग तिथे निघून जाऊ शकतो. गणवेश, परीक्षा फी, नोंदणी फी, वॉर्डापर्यंतची बस हे खर्चही लेखी विचारून घ्या.

खर्च म्हणजे केवळ फी नाही, हे महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदनाचे काम उभे राहिले. स्वतःच्या पायावर उभे राहण्याची गरज असलेल्या स्त्रियांना तिथून नर्सिंगकडे वळवले गेले आणि ससून रुग्णालयात त्यांना प्रशिक्षण मिळाले. शिकण्याबरोबर राहण्याची सोय झाल्याशिवाय अशा स्त्रिया प्रशिक्षणापर्यंत पोहोचणार नाहीत, हे त्या कामामागचे व्यवहारी शहाणपण होते. आजही कोर्स निवडताना राहणे, खाणे आणि रोजचा प्रवास फीच्या शेजारीच लिहा.

पैसे कुठून येऊ शकतात?

- *शिष्यवृत्ती.* मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आणि आपल्या राज्याचे पोर्टल पाहा. महाराष्ट्रात महाडीबीटी आहे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.
- *शैक्षणिक कर्ज.* विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो. बँकांच्या आदर्श योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होतात. मात्र व्याज त्या काळातही मोजले जाते. संस्था मान्यताप्राप्त नसेल तर बँक मागे हटते. ही तुमच्यासाठी एक फुकटची तपासणीच आहे.
- *एम्स.* रायपूरसह एम्सच्या बी.एस्सी. (ऑनर्स) नर्सिंगची फी नाममात्र आहे. प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून होतो. बारावीला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के लागतात. या जागा मुलींसाठी आहेत.
- *सैन्य परिचर्या सेवा.* पुण्याच्या एएफएमसीसह लष्करी महाविद्यालयांतील चार वर्षांचे प्रशिक्षण मोफत असते. त्याबदल्यात सेवेचा करार करावा लागतो. निवडीसाठी नीटचे गुण लागतात. हाही मार्ग मुलींसाठी आहे.

५. संस्था कशी तपासावी?

पैसे भरण्यापूर्वी पुढील सहा गोष्टी याच क्रमाने करा.

१. राज्य परिषदेच्या यादीत संस्थेचे नाव, कोर्सचे नाव आणि जागांची संख्या पाहा. छत्तीसगडसाठी रायपूरची छत्तीसगड नर्सेस नोंदणी परिषद, महाराष्ट्रासाठी मुंबईची महाराष्ट्र नर्सिंग परिषद. एकाच संस्थेला जीएनएमची मान्यता असते आणि बी.एस्सी.ची नसते, असेही घडते.

२. मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षाची आहे ते वाचा. भिंतीवर टांगलेले जुने पत्र पुरेसे नाही.

३. पालक रुग्णालय कोणते, त्यात खाटा किती, आणि संस्थेपासून ते किती दूर आहे ते विचारा. मग सकाळी आठच्या सुमारास त्या रुग्णालयात जा. गणवेशातील विद्यार्थी वॉर्डात काम करताना दिसतात का? भिलाईत राहणाऱ्याला सेक्टर ९ चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय किंवा दुर्गचे जिल्हा रुग्णालय नेहरू नगरहून गाठणे अवघड नाही. ज्या संस्थेचे विद्यार्थी कोणत्याच वॉर्डात दिसत नाहीत, तिची पदविका कागदावरच राहते.

४. मागील तुकडीतील दोन-तीन जणांना भेटा. त्यांची परिषदेत नोंदणी झाली का, आणि किती महिन्यांत झाली, एवढे दोनच प्रश्न विचारा.

५. 'हजेरीचे आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त परीक्षेला या' असे कोणी म्हणाले, तर तिथून उठा. हजेरीची सूट ही तुमची सोय नाही. नोंदणीच्या वेळी अडकणारे तुम्हीच असाल, आणि वॉर्डात न शिकलेल्या नर्ससमोर झोपलेला रुग्ण त्याहून जास्त अडकेल.

६. मूळ गुणपत्रिका दाखवा, पण ठेवून जाऊ नका. प्रती द्या. प्रत्येक भरण्याची पावती घ्या.

राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी एक सूचना. भिलाईतील मराठी कुटुंबांचे नातलग गोंदिया-नागपूरकडे असतात, आणि 'मामाकडे राहून शिक' असा सल्ला हमखास मिळतो. राहण्याचा खर्च वाचतो हे खरे. पण सरकारी जागांसाठी बहुधा त्या राज्याचा अधिवास दाखला लागतो. छत्तीसगडमध्ये बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा व्यापम घेते, महाराष्ट्रात राज्याचा सीईटी कक्ष. कुठला अधिवास आहे ते आधी पाहा, मग परीक्षेचा अर्ज भरा. एका राज्यात शिकून दुसऱ्या राज्यात काम करायचे असेल, तर तिथल्या परिषदेतही नोंदणी करावी लागते.

६. नोकरी चालू असताना काय करता येते?

*विषय पूर्ण करणे.* बारावीला जीवशास्त्र नसेल आणि बी.एस्सी. करायचे असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून आवश्यक विषय देता येतात. हे काम नोकरी सांभाळून होते.

*प्रवेश परीक्षेची तयारी.* रोज दोन तास, नऊ महिने, म्हणजे सुमारे ५४० तास. वर काढलेल्या गणितात शक्यता तीनात एकाच्या वर नेणारी गोष्ट हीच आहे.

*जीडीए.* रुग्णसेवा आपल्याला जमते का, रक्त, वास, रात्रीची ड्यूटी सहन होते का, हे तीन वर्षे आणि काही लाख रुपये घालण्यापूर्वी कळते. त्यासाठी हा चांगला मार्ग आहे.

*बचत.* एक वर्ष दरमहा ४,००० बाजूला ठेवले तर ४८,००० होतात. पहिल्या वर्षाच्या किरकोळ खर्चासाठी कर्ज काढावे लागत नाही.

*मालकाशी बोलणे.* तुम्ही रुग्णालयात काम करत असाल, तर प्रशिक्षणासाठी रजा किंवा प्रायोजन मिळते का ते लेखी विचारा. त्यासोबत येणाऱ्या कराराची वर्षे नीट वाचा. काही राज्यांत आशा कार्यकर्तींना एएनएम व जीएनएम प्रवेशात प्राधान्य आहे. तुमच्या घरात कोणी आशा किंवा मितानिन असेल तर त्यांच्यासाठी ही चौकशी करा.

*सुरू असलेली पदवी.* तुमची बी.ए. किंवा बी.कॉम. दूरशिक्षणाने चालू असेल तर ती लगेच सोडू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना मुभा दिली आहे, मात्र व्यावसायिक परिषदांचे नियम लागू राहतात. नर्सिंग संस्थेची लेखी संमती घ्या.

सारांश

भारतात नर्स होण्याचा मान्यताप्राप्त मार्ग पूर्ण वेळेचा आहे. म्हणून नोकरीचा उपयोग कोर्सच्या *आधी* करा : तयारी, बचत, कागदपत्रे आणि स्वतःची परीक्षा. नोंदणी होणारा कोर्सच निवडा. फीत बुडणारा पगार आणि राहण्याचा खर्च मिळवून तुलना करा. सरकारी जागेची शक्यता बरी असेल तर एक वर्ष थांबणे बहुधा स्वस्त पडते. नोकरी सोडण्याचा दिवस प्रवेश पक्का झाल्यानंतरचा ठेवा. एकदा जीएनएम होऊन नोंदणी झाली, की पुढची पदवी नोकरीत राहून मिळवण्याचे दार उघडते.

स्वाध्याय

१. स्वतःच्या आठवड्यातील १६८ तासांचा तक्ता करा. ४० तासांचा कोर्स आणि १० तासांचा अभ्यास बसवण्यासाठी नोकरीचे किती तास कमी करावे लागतील?

२. सध्याचा पगार ९,०००, नर्सचा अपेक्षित पगार १८,०००, खासगी फी वर्षाला ५०,००० आणि सरकारी फी वर्षाला १०,००० असेल, तर एक वर्ष थांबणे केव्हा परवडेल? तीन वर्षांच्या जीएनएमसाठी किमान शक्यता काढा. (उत्तर : ०.९०. म्हणजे जागा जवळजवळ नक्की असेल तरच थांबा. वरच्या उदाहरणाशी तुलना करून फरकाचे कारण लिहा.)

३. तुमच्या जिल्ह्यातील एक नर्सिंग संस्था निवडा आणि भाग ५ मधील सहा तपासण्यांपैकी पहिल्या तीन पूर्ण करून एक पानाचा अहवाल लिहा.